उजवा पाय उशिरा

४ फेब्रुवारी

बुटके,

फोनवर तू मला बंद करून ठेवलंयस, म्हणून हा कागद. पाकिटाच्या आत चिकटपट्टीखाली एक छोटं मेमरी कार्ड आहे, ते फेकू नकोस. त्यात माफीनामा नाही आणि शिव्याही नाहीत. त्यात फक्त मी चालतेय. आपल्या स्टुडिओतल्या लाकडी फळ्यांवर, काळे बंदाचे बूट घालून, भिंतीपासून दारापर्यंत आणि परत.

ऐकायचं आणि एकच गोष्ट सांगायची. माझी चाल बिघडत चाललीय का?

का विचारते ते सांगते. परवा मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाईंकडे तपासणी होती. त्या मला जमिनीवरच्या दोन पट्ट्यांमध्ये चालायला लावतात आणि वेळ मोजतात. वेळ गेल्या खेपेइतकाच आला. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "स्थिर दिसतंय. पण घड्याळ सगळंच सांगत नाही. तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" आणि मी, जिच्या तोंडाला कधी कुलूप नसतं ती, बुटाचे बंद बांधत बसले. मला काय वाटणार? उजवा तळवा जमिनीला टेकला हेच मला धड कळत नाही. वेळ तेवढाच आला, कारण मी सगळा जोर लावून चालले होते.

मे महिन्यात त्या पुन्हा बघतील आणि ठरवतील, हेच औषध चालू ठेवायचं की जास्त कडक द्यायचं. कडक औषधाची स्वतःची दुखणी असतात, हौस म्हणून ते कुणी घेत नाही. पण आत्ताचं औषध हरत असेल आणि आपण नुसते बघत बसलो, तर या आजारात गेलेलं सगळंच परत मिळत नाही. तेव्हा मला मेच्या आत खरं काय ते कळायला हवं.

आईला विचारलं. "छान चालतेस की." आपल्या रेकॉर्डिंगवाल्या खटक्याला विचारलं. तो मशीनमागून अंगठा वर करतो. मी उताणी पडलेली दिसले तरी तो अंगठाच वर करील. मी स्वतः ऐकून बघितलं, पण आपलीच चाल ऐकताना माणूस तिची बाजू घेतो.

इतकी वर्षं पडद्यावर कुणीही चालो, त्याच्या पायांचा आवाज माझा आणि त्याच्या कपड्यांचा, कपबश्यांचा, किल्ल्यांचा तुझा. तुझ्याइतका माझा पाय कुणी ऐकलेला नाही. डोळा अधू व्हायच्या आधी, मुंग्या यायच्याही आधी, एक दिवस तू हातातला झगा खाली ठेवलास आणि म्हणालीस, "ताई, तुझा उजवा पाय उशिरा येतोय." मी म्हटलं, जा, कान धुऊन ये. मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव आपल्या घरात आलं ते त्यानंतर कितीतरी महिन्यांनी.

रागाबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. तो जागच्या जागी आहे. हे कामाचं पत्र आहे.

ताई


२१ फेब्रुवारी

बुटके,

उत्तर नाही. बरं. आई मात्र रोज संध्याकाळी स्वयंपाकघराचं दार लावून फोनवर कुजबुजते आणि बाहेर आल्यावर सांगते, राँग नंबर होता. तासभर चालणारा राँग नंबर मी आयुष्यात पहिल्यांदाच बघतेय.

तिने तुला काय काय सांगितलं असेल कोण जाणे. म्हणून मीच सांगते, म्हणजे मीठमसाला लागायला नको.

हा आजार काय आहे ते डॉक्टरीणबाईंनी मला चित्र काढून समजावलं होतं. शरीराचे पहारेकरी चुकून आपल्याच नसांवरचं वेष्टण कुरतडतात. मी ते खटक्याला सांगितलं, तर त्याने कपाटातून रबर निघालेली माइकची एक जुनी वायर काढून आणली आणि म्हणाला, "म्हणजे अशी?" वायर हलवली की आवाज जातो, येतो, मध्येच खर्र करतो. अगदी अशीच. मान खाली घातली की माझ्या पाठीतून सर्रकन वीज जाते. पहिल्यांदा झालं तेव्हा मी इतकी घाबरले की हातातला पेला सोडून दिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याने अपाय होत नाही. आता मी सकाळी मुद्दाम मान वाकवून बघते, आज कुठवर जाते ती. कधी कमरेपाशी थांबते, कधी थेट अंगठ्यापर्यंत. आईला सांगू नकोस, पण मला त्याची गंमत वाटते.

दुसरं म्हणजे उकाडा. अंग तापलं की पाय रुसतो आणि निवलं की परत कामाला लागतो. आपली खोली तुला माहीतच आहे. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद, गाडीचा आवाज येतो म्हणून खिडकीच नाही. मी आपलं हौसेनं बर्फाचं जाकीट मागवलं. ते घालून माइकसमोर उभी राहिले, तर खटक्या काचेमागून ओरडतो, "ताई, दाणे कोण खातंय?" जाकिटातला बर्फ तडकत होता! मग जाकीट गेलं आणि बादली आली. गार पाण्यात पाय सोडून बसायचं, निवले की पुसायचे, बूट चढवायचे, एक तुकडा चालायचं, पुन्हा बादली. खटक्या मला बेडूक म्हणतो. म्हणू दे. बेडकाने गेल्या महिन्यात एक अख्खी मालिका पुरी केली.

दुपारची झोप ठरलेली आहे. हा थकवा कामाने येणाऱ्या थकव्यासारखा नसतो, तो कुठूनतरी येतो आणि अंगावर बसतो. आधी मला झोपायची लाज वाटायची. आता मी खोलीबाहेरचा लाल दिवा लावते आणि आत सतरंजीवर आडवी होते. रेकॉर्डिंग चालू आहे म्हटल्यावर कुणाची ठोठावायची छाती होत नाही.

आणि आता खरी बातमी. मी हातांनी चालायला शिकले. टेबलावर फळी ठेवायची, आपण स्टुलावर बसायचं आणि बूट हातात घालायचे. मनगट म्हणजे घोटा, तळहाताचा उंचवटा म्हणजे टाच. पहिले काही दिवस माझा नायक दारू प्यायल्यासारखा चालत होता. आता तो ऑफिसला जातो, जिना चढतो, दारात घुटमळतोसुद्धा. हाताने चालताना पडायची भीती नसते, त्यामुळे मी पायांनी कधी केल्या नसत्या अशा चाली करून बघते. काल एका बाईला चोरपावलांनी स्वयंपाकघरात नेलं आणि परत आणलं. तू असतीस तर तिच्या हातात कपबशी दिली असतीस.

कार्ड ऐकलंस का?

ताई


१२ मार्च

बुटके,

आज मला एवढं हसू आलंय की तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. राग आहे तो आहे, पण ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही, त्यातलं मर्म फक्त तुला कळेल.

एक नवा दिग्दर्शक आलाय. कोवळा पोरगा, गळ्यात मफलर, बोलताना डोळे मिटतो. त्याच्या सिनेमात एक म्हातारा पहारेकरी आहे, एका पायाने अधू. रिकाम्या गोदामातून रात्रभर फिरतो. मला म्हणाला, "या माणसाचा सगळा इतिहास त्याच्या पावलांत यायला हवा." मी म्हटलं, येईल. मनात म्हटलं, आज फुकटचं काम आहे. बादलीकडे फिरकलेसुद्धा नाही. खोली तापू दिली, उजवा पाय रुसू दिला आणि मस्तपैकी माझी स्वतःची, घरची, रोजची चाल चालले.

त्याने डोळे मिटून ऐकलं. मग उघडले आणि खूप जपून, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाला, "छान आहे हो. पण खरं नाही वाटत. जरा लंगडून दाखवाल?"

खटक्याने मशीनमागे तोंड लपवलं. हसू दाबून दाबून माझ्या पोटात दुखायला लागलं. त्या बिचाऱ्याला वाटलं मला उचकी लागली, तो पाणी आणायला धावला. शेवटी मी स्टुलावर बसले, हातात बूट घातले आणि एक अस्सल सिनेमातला लंगडा चालवला. धप्, सर्र. धप्, सर्र. तो उठून उभा राहिला. "हेच! हाच माणूस!"

नंतर मी विचार करत बसले. खरं लंगडणं खोटं का वाटलं असेल? मला वाटतं, लंगडणारा माणूस सगळा वेळ आपण लंगडत नाही असं दाखवायची धडपड करत असतो. सिनेमातला लंगडा ती धडपड करत नाही. माझ्या चालीत पायाच्या आवाजापेक्षा ती लपवालपवीच जास्त ऐकू येत असणार. तुला काय वाटतं? तुला ती कधी ऐकू आली होती का?

पोराला मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो रडला असता आणि मग मलाच त्याची समजूत काढावी लागली असती.

सोबत या महिन्याची चाल आहे. जरा बरी वाटेल तुला.

ताई


६ एप्रिल

बुटके,

आई आज चुकून बोलून गेली. म्हणाली, "ती ऐकते गं. रोज ऐकते." मग जीभ चावली. म्हणजे तू ऐकतेस आणि कळवत नाहीस. मग कामाचं पत्र पुरे झालं. आता रागाचं घे.

सिनेमाच्या त्या दुपारच्या खेळाला मी एकटीच गेले होते, कारण त्यातली परिचारिका मी चालवली होती आणि मला ती ऐकायची होती. आजाराचं नाव कळल्यानंतरचं ते माझं पहिलं मोठं काम. रुग्णालयाचा तो लांब बोळ मी किती जीव लावून चालले होते तुला माहीत आहे, तू समोर होतीस. अंधार झाला, ती बोळात आली आणि चालायला लागली. आणि ती मी नव्हते.

दुसऱ्या कुणाची चाल असती तर मला राग आला नसता. ती माझी होती, पण जुनी. टाच आधी, मग पंजाची बाहेरची कड, वळताना जराशी घाई. उजवा पाय अगदी वेळेवर. मी चांगली धडधाकट असताना जशी चालायचे तशी. रेकॉर्डिंग संपवून मी घरी गेल्यावर तू खटक्याला थांबवून घेतलंस आणि माझ्या पायांच्या आवाजावर तुझ्या पायांचा आवाज घातलास. आणि इतकं हुबेहूब केलंस की शेजारच्या बाईच्या हातातली पिशवी चुरगळत होती तरी मला फक्त तीच पावलं ऐकू येत होती. सगळ्या जगात ती नक्कल ओळखू शकेल अशी एकच बाई होती आणि ती तिकीट काढून बसली होती.

थिएटरच्या पायऱ्यांवर मी तुला बोलावून घेतलं, तेव्हा तू म्हणालीस, "तुझं काम जात होतं. मी वाचवलं." हो, वाचवलंस. पण मला सांगायचं होतंस, "ताई, जमलेलं नाही." मी चिडले असते, आदळआपट केली असती, पुन्हा चालले असते, नाहीतर तुलाच म्हटलं असतं, तू कर. डोळा अधू झाला तेव्हाही मला इतकं वाईट वाटलं नव्हतं. त्या दिवशी मला वाटलं, आता या घरात मला कुणी काही खरं सांगणार नाही. मी "चालती हो" म्हटलं आणि तू खरंच गेलीस. कोपऱ्यापर्यंत तुझे पाय ऐकू येत होते, मग बस आली.

आता उरलेलं. गेल्या महिन्यात मी न्हाणीघरात पडले. मोडलं काही नाही. आईने तुला पाय मुरगळला एवढंच सांगितलं असणार. त्यानंतर व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी माझ्या हातात काठी दिली आणि मी ती चक्क घेतली. बाहेर जाताना वापरते. काठी घेतल्यापासून मी भाजीच्या दुकानापुढच्या बागेपर्यंत जाते, आधी दुकानाशीच दम संपायचा. टोकाला रबर असल्यामुळे तिचा आवाज येत नाही. रागाने आपटली की मात्र फार सुरेख आवाज येतो. तो रेकॉर्ड करून ठेवलाय.

मी दुःखात नाही, बुटके. हे तुला नीट कळायला हवं. सकाळी उठले की मला खरोखर उत्सुकता असते, आज यातलं काय चालेल आणि काय नाही, आणि जे चालणार नाही ते कशाने करता येईल. तेवढ्यावर माणूस बरा जगतो. पण त्यासाठी आपण कुठे उभे आहोत ते माहीत असावं लागतं. छान छान म्हणणाऱ्या माणसांत उभं राहायचं म्हणजे धुक्यात गाडी हाकणं. मला तुझी माया नको असं नाही. मला तुझे कान आधी हवेत.

एप्रिलची चाल सोबत आहे. डॉक्टरीणबाईंची तारीख सोळा मे.

ताई


२९ एप्रिल

बुटके,

या वेळी कार्ड नाही. आता तुझ्याकडे पुरेसा ऐवज आहे.

आई म्हणते, "तिला भीती वाटते गं, तुला काय सांगावं लागेल याची." मी म्हटलं, मला काय आनंदाच्या उकळ्या फुटतायत का?

ताई


१२ मे

बुटके,

तुझं पत्र दुपारी आलं. पाकिटावरचं अक्षर बघून आईने ते माझ्या हातात दिलं आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. या खेपेला फोन न करता नुसतीच आत उभी होती.

तुझं सगळं पत्र माझ्या एका परिच्छेदात मावेल एवढं. तरी पुन्हा उतरवून काढते, कारण मला ते माझ्या अक्षरात बघायचंय.

"ताई, मार्चमधली चाल हातांनी केलीयस. पाऊल टेकल्यावर फळी दबायला हवी, ती दबलेली नाही. मला शेंडी लावायची असेल तर निदान नीट लाव. बाकीच्या दोन्ही रोज ऐकल्या. उजवा पाय उशिरा येतो, पण पूर्वी यायचा तेवढाच उशिरा. तो वाढलेला नाही. डावा बिघडलाय. फेब्रुवारीत टाच टेकत होती, एप्रिलमध्ये आपटतेय, आणि परत येताना जास्त. का ते मला माहीत नाही, मी डॉक्टर नाही. पण बिघडलंय. कसं लिहू कळत नव्हतं म्हणून इतके दिवस लागले. तुझा राग गेला का?"

मार्चचं खरं आहे. मी मुद्दाम हातांनी केली होती. मला बघायचं होतं, तूसुद्धा "सुधारतेय" असं लिहून मोकळी होतेस का. तसं लिहिलं असतंस तर मी पुन्हा पत्र टाकलं नसतं.

बिघडलंय. तो शब्द मी पुन्हा गिरवला. डाव्याकडे माझं लक्षच नव्हतं. तो बिचारा शहाणा, कामसू पाय, त्याच्या जिवावर तर मी उड्या मारतेय. मी काठी न घेता उठले, खोलीभर फिरले आणि फक्त डाव्याला ऐकलं. आपटतोय. तू सांगितल्यावर मला स्वच्छ ऐकू आलं. मग मी खाली बसले आणि रडले. आई धावत बाहेर आली, "काय लिहिलंय? वाईट लिहिलंय का?" मी म्हटलं, "हो. बिघडलंय म्हणते." आणि मी हसत होते, त्यामुळे तिला काही कळेना. ती तुलाच शिव्या द्यायला लागली.

मला भीती वाटली हे खरंच आहे. पण मोकळं वाटलं हेही तेवढंच खरं आहे. वर्षभरात माझ्याशी पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, डावा पाय उजव्याचं काम ओढून थकला असेल, तसं असेल तर व्यायाम बदलून भागेल. नाहीतर आजारानेच नवीन जागा धरली असेल. दोन्ही शक्य आहे, मेंदूचं आणि पाठीच्या कण्याचं चित्र काढल्याशिवाय कळणार नाही. ते त्या सोळा तारखेच्या आधीच काढून घेणार आहेत. शिवाय म्हणाल्या, "ती दोन्ही रेकॉर्डिंगं घेऊन या. मलाही ऐकायचंय." त्यांच्या आवाजात अशी उत्सुकता होती की मला त्या एकदम आवडल्या. उत्तर काय येईल ते येईल. कडक औषध घ्यावं लागलं तर घेईन, आणि का घेतेय ते मला माहीत असेल.

राग गेला का, असं विचारलंस. तू मला खरं सांगितलंस, म्हणून मीही सांगते. नाही गेला. झिजलाय, पण गेला नाही. पत्राने जाईल असं वाटत नाही.

जूनमध्ये एका मोठ्या सिनेमाचं काम येतंय. नायिकेला उंच टाचा आणि दगडी जिना, पहिल्या दृश्यापासून शेवटच्या दृश्यापर्यंत. ते माझ्या पायांनी होणार नाही आणि हातांनीही होणार नाही, मी करून बघितलं. त्यांना माझी जुनी चाल हवीय. ती तुला येते. मी थिएटरात बसून ऐकलीय, चोख येते. तेव्हा ये आणि कर. पण मी घरी जायची वाट बघायची नाही. मी समोर बादलीत पाय सोडून बसेन आणि चुकलीस की थांबवेन, पुन्हा चालायला लावेन, तू रडकुंडीला आलीस तरी लावेन. माझी चाल कर, बुटके. माझ्यादेखत कर.

ताई